अंगणातले पोपट आणि त्यांची छायाचित्रे

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



एखाद्या छंदाविषयी बोलावे असे कार्यवाहांनी सुचविले, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी बँकेत कारकून आहे, शिक्षण कला शाखेचे. पक्षिशास्त्राची किंवा छायाचित्रणाची कोणतीही पदवी माझ्याजवळ नाही. घरामागच्या लहानशा परसात एक पेरू, एक शेवगा आणि मिरचीची चार रोपे आहेत. तेथे येणाऱ्या रानपोपटांची छायाचित्रे मी गेली सहा वर्षे काढीत आहे. एवढ्याच भांडवलावर आज आपल्यासमोर उभा आहे. सांगायचे आहे ते इतकेच, की पोपट आपलासा करण्यासाठी तो पकडावा लागत नाही, नीट पाहावा लागतो; आणि नीट पाहून ठेवलेली नोंद वेळेला कामी येते.

प्रथम पाहुण्यांची ओळख करून देतो. आपल्या नागपुरात नेहमी दिसतो तो राघू, म्हणजे कंठवाला पोपट. पूर्ण वाढलेल्या नराच्या गळ्याभोवती काळी व गुलाबी कंठी असते. मादीला अशी कंठी नसते. लहान नरालाही ती नसते, साधारण तिसऱ्या वर्षी ती उमटते. त्यामुळे कंठी दिसली तर नर हे नक्की, पण कंठी नाही म्हणून मादीच, असे म्हणता येत नाही. आकाराने मोठा आणि खांद्यावर तांबडा डाग असलेला दिसला, तर तो पहाडी पोपट समजावा.

हे भेद पुस्तकात आहेतच, पण छायाचित्र काढू लागल्यावर ते डोळ्यांत बसतात. पोपटाच्या पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात. म्हणूनच तो एका पायाने फांदी धरून दुसऱ्या पायात पेरूचा तुकडा हातासारखा धरतो. आपल्याला तो हिरवा दिसतो, परंतु त्याच्या पिसांत हिरवा रंग असा नसतोच. पिसांत पिवळे रंगद्रव्य असते, आणि पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परावर्तित होणारा प्रकाश निळा असतो. या दोहोंच्या मेळातून हिरवा रंग दिसतो. चोच उघडी न करता पेरूच्या झाडात बसलेला राघू दहा पावलांवरूनही दिसत नाही, याचा अनुभव आपणही घेतला असेल.

आता छायाचित्राकडे वळतो. माझा कॅमेरा जुन्या बाजारातून घेतलेला डिजिटल आहे आणि लेन्स ३०० मिलिमीटरची आहे. पण खरे साहित्य म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी आणि तिचा जुना पडदा. पोपट माणसाच्या आकृतीला बुजतो, स्थिर खिडकीला बुजत नाही. सकाळी सात ते नऊ ही वेळ उत्तम, कारण ऊन तिरपे असते आणि ऑफिसलाही उशीर होत नाही. ऊन आपल्या पाठीमागून यावे. मागे उजळ आकाश असेल तर पक्षी काळा येतो, अशा वेळी प्रकाशमान थोडे वाढवून घ्यावे. बसलेल्या पक्ष्यासाठी सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो, उडणाऱ्यासाठी त्याहून पुष्कळ वेगवान शटर लागते. फोकस नेहमी डोळ्यावर ठेवावा. फ्लॅश वापरू नये. मोबाईलवर पोपटाचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये आणि फरसाण टाकून तर मुळीच बोलावू नये. उन्हाळ्यात पाण्याचे मातीचे पसरट भांडे ठेवावे आणि ते रोज घासावे.

बँकेची सवय म्हणा, प्रत्येक छायाचित्राची मी वहीत नोंद करतो: तारीख, वेळ, झाड, किती पक्षी, काय करीत होते. खतावणीत एक नोंद फारसे काही सांगत नाही, पण वर्षभराच्या नोंदी ओळीने लावल्या की खात्याचा स्वभाव कळतो. पोपटांचेही तसेच आहे. पेरूला फळ नसतानाही ते आमच्याकडे का येतात, याचे उत्तर या वहीनेच दिले. आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुना शिरीष आहे, आणि त्याच्या वाळक्या फांदीच्या ढोलीत एका जोडीचे घर होते.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गल्लीतील रहिवाशांनी ती फांदी तोडण्याचे ठरविले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. फांदी रस्त्यावर झुकली होती, खालून शाळेची मुले जात. मी सभेत तीन छायाचित्रे नेली. पहिल्यात मादी ढोलीत शिरत होती. दुसऱ्यात नर ढोलीच्या तोंडाशी तिला भरवीत होता. तिसऱ्यात फक्त मादीची चोच बाहेर दिसत होती. तिन्हींवर तारखा होत्या. अंडी उबायला सुमारे तीन आठवडे लागतात आणि पिले उडायला आणखी सहा-सात आठवडे, हे सांगितले. थोडक्यात, मे महिन्यापर्यंत थांबा, पावसाळ्याआधी फांदी काढू, एवढीच विनंती होती. शहरातील झाडांसाठी १९७५ चा राज्याचा कायदा आहे आणि परवानगी घ्यावीच लागते, हेही लक्षात आणून दिले. तोवर फांदीखालची जागा दोरी बांधून बंद केली आणि मुलांना पलीकडून जायला सांगितले. मे महिन्यात आखूड शेपटीची, काळ्याभोर डोळ्यांची दोन पिले उडाली. त्यानंतर रीतसर परवानगीने फांदी उतरवली. ना मुलांना धोका झाला, ना पिलांना.

सभेत एका तरुणाने सुचविले, की ही छायाचित्रे गल्लीच्या मोबाईल ग्रुपवर टाका, सगळे कौतुक करतील. मी नम्रपणे नकार दिला. ढोलीचा पत्ता सर्वांना कळला, की तो पिले काढणाऱ्यालाही कळतो. जे चित्र झाड वाचवते, तेच पिलांचा घात करू शकते. म्हणून माझा नियम असा आहे: घरट्याचे चित्र लांबून काढावे, गरज असेल त्यालाच दाखवावे आणि पिले उडेपर्यंत जागा सांगू नये.

पिंजऱ्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी एके काळी मिठू होता, तो प्रेमानेच पाळलेला होता. परंतु आपले देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. त्यांना पकडणे, विकणे व पाळणे गुन्हा आहे. बाजारातले पिलू ढोलीतून ओढून काढलेले असते, त्याच्याबरोबरची कित्येक वाटेतच दगावतात. थव्याने उडणाऱ्या पक्ष्याला एकट्याने दांडीवर बसविणे हे प्रेम होत नाही.

येथे शेतकरी कुटुंबांतील मंडळीही आहेत. हुरड्याच्या दिवसांत पोपटांचा थवा ज्वारीवर उतरला, की काय होते ते त्यांना मी सांगायला नको. माझे थोरले बंधू आजही मचाणावर गोफण घेऊन बसतात आणि हाकारे घालतात. त्यांचा राग मला समजतो. ते राखण करतात, पक्षी मारीत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा आहे. शहरात एका पेरूवर कौतुक करणाऱ्या माझ्यासारख्याने तो विसरू नये.

विद्यार्थी मित्रहो, कॅमेरा नसेल तरी अडत नाही. वही आणि पेन्सिल पुरे. दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह महाराष्ट्रात साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. चितमपल्ली २०२५ मध्ये आपल्यातून गेले. त्यांचा ‘पक्षिकोश’ वाचनालयातून आणून जरूर चाळावा. त्या आठवड्यात रोज पंधरा मिनिटे एकाच झाडासमोर बसा आणि दिसेल ते तारखेसह लिहा. पुढच्या मेळाव्यात ती वही घेऊन या. शाळेच्या किंवा आपल्या सभागृहाच्या आवारातले एखादे झाड तोडायची वेळ आली, तर बोलायला हाती पुरावा असेल.