कोयरी, कोंबडा आणि अग्नी

(लोणी काळभोर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संक्षिप्त शब्दांकन)



आपल्या अनेकांच्या देवघरात हळदी-कुंकवाची कोयरी असते. तोच आकार साडीच्या काठावर, शालीच्या पदरावर आणि मेंदीच्या नक्षीतही दिसतो. आपण त्यात कैरी पाहिली. इराणात मात्र या आकाराला ‘बोतेह’ म्हणतात, आणि वाऱ्याने शेंडा झुकलेल्या सरू वृक्षापासून तो सिद्ध झाला असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. सरू हा नावाने आपल्या किनाऱ्यावरील सुरूचा भाऊ; जातीने मात्र वेगळा.

बोतेहच्या उगमाविषयी विद्वानांत एकमत नाही. पण इराणी मनातील सरूचे स्थान निर्विवाद आहे. पर्सेपोलिस येथील अडीच हजार वर्षांपूर्वीच्या राजप्रासादाच्या जिन्यांवर या सदाहरित वृक्षाच्या रांगा कोरलेल्या आहेत. काश्मर येथील पवित्र सरू जरथुष्ट्राने स्वतः लावला, अशी परंपरा आहे. खलिफा मुतवक्किलच्या आज्ञेने इ.स. 861 मध्ये तो तोडला गेला, असे सांगतात. वृक्ष गेला, त्याची आकृती मात्र गालिच्यांवर आणि वस्त्रांवर टिकून राहिली.

जरथुष्ट्राच्या धर्मात अहुर मज्द हा परमेश्वर. ‘अश’ म्हणजे सत्य व सृष्टीची सुव्यवस्था, आणि ‘द्रुज’ म्हणजे असत्य. या दोहोंच्या संघर्षात माणसाने सत्याची बाजू घ्यावी, हे त्या शिकवणुकीचे सार. वेदांतील ऋत, यज्ञ, सोम आणि मित्र यांची भावंडे अवेस्तात अश, यस्न, हओम आणि मिथ्र या नावांनी भेटतात. अग्नी हे तेथेही पावित्र्याचे प्रतीक. उपासनेत मूर्ती नसल्याने ही श्रद्धा चिन्हांतून व्यक्त झाली. ससानी सम्राटांच्या (इ.स. 224 ते 651) नाण्यांवर एका बाजूस राजाचे मस्तक आणि दुसऱ्या बाजूस धगधगती अग्निवेदी दिसते. कोंबडा हा सरोश या दिव्यशक्तीचा पक्षी. पहाटे आरवून तो अंधाराला पळवतो आणि झोपलेल्यांना धर्मकार्यासाठी उठवतो. ससानी परंपरेतील रेशमी वस्त्रांवर प्रभावळ असलेला कोंबडा आढळतो, तो याच श्रद्धेच्या प्रकाशात पाहावा लागतो.

ससानी साम्राज्य कोसळल्यानंतर एक विलक्षण गोष्ट घडली. इराणात बहुसंख्य समाजाचा धर्म कालांतराने बदलला; आकृती राहिल्या, परंतु त्यांचा मूळ अर्थ पुसट झाला. इकडे भारतात आलेल्या पारशांनी अर्थ जपला, अग्नी जपला. प्राचीन शिल्पाकृती मात्र त्यांच्यासोबत आल्या नव्हत्या. कान्हेरीच्या लेण्यांत इ.स. 1009 आणि 1021 मध्ये आलेल्या पारशी यात्रिकांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. संजाणवरील आक्रमणानंतर पवित्र अग्नी आपल्या डहाणूजवळील बहरोटच्या डोंगरात बारा वर्षे सांभाळला गेला, अशी पारशी परंपरा आहे. तेथे ना राजवाडा होता ना कोरीव स्तंभ. होती ती केवळ निष्ठा.

एकोणिसाव्या शतकात प्राचीन इराणच्या अवशेषांची चित्रे ग्रंथांतून प्रसिद्ध झाली, आणि पारशांना पूर्वजांच्या आकृती पुन्हा गवसल्या. मुंबईच्या फोर्ट भागातील माणेकजी सेठ अग्यारी 1733 ची; 1891 मध्ये ती पुन्हा बांधली गेली. तिच्या प्रवेशद्वाराशी मानवी मुखाचे पंखधारी वृषभ उभे आहेत. खरे पाहता ही आकृती मूळची असीरियाची. तिथून ती इराणने स्वीकारली. पंख पसरलेल्या ‘फरवहर’ चिन्हाचेही मूळ जुन्या पंखयुक्त चक्रात आहे. आज त्याला मानवातील दिव्य अंशाचे, फ्रवशीचे, प्रतीक मानतात. प्राचीन काळी ते राजतेजाचे चिन्ह असावे, असेही मत आहे. उसने घेतलेल्या आकृतीत श्रद्धेने स्वतःचा अर्थ भरला, यात कमीपणा कसला?

हीच वृत्ती पारशी घरात दिसते. चीनच्या व्यापारातून आलेल्या भरतकामाचा ‘गारा’ त्यांनी आपला केला. त्यावर चिनी बगळ्यांशेजारी सरोशचा कोंबडाही आला. उंबऱ्यापुढे छिद्रांच्या डबीने चुन्याच्या भुकटीचे ‘चोक’ उमटतात, तेव्हा आपल्या रांगोळीची आठवण होते.

आज चिंता आहे ती हे सारे सांभाळणाऱ्या हातांची. देशातील पारशांची संख्या 2001 च्या जनगणनेत 69,601 होती. 2011 मध्ये ती 57,264 झाली. आपल्या गावाकडे वाहत येणाऱ्या मुळा-मुठेवर पुण्यात सर जमशेदजी जीजीभाई यांच्या देणगीतून बंधारा उभा राहिला. त्या समाजाचे आपल्यावर ऋण आहे, आणि त्याचा वारसा समजून घेणे ही त्या ऋणाची अल्पशी जाणीव ठरेल.

आणि हा प्रश्न केवळ त्यांचा नाही. अर्थ सांगणारा उरला नाही, की आकृती नुसती नक्षी होते. आपल्या घरी रांगोळीत गोपद्मे आणि लक्ष्मीची पावले कोण काढते? ती का काढतात, हे नातवंडांना कोण सांगते? आज घरी गेल्यावर देवघरातील कोयरी हातात घ्या आणि मुलांना तिची ही गोष्ट सांगा, एवढीच विनंती.