गाडीचा विमा आहे की!

बावन्नाव्या वर्षी मी पुण्याहून मोटारसायकलवर नेपाळातल्या मुक्तिनाथला जायचं ठरवलं. टायर बदलले, सीमेवरच्या भन्साराची, म्हणजे जकात परवान्याची, माहिती काढली. प्रवासविम्याचा विषय निघाला तेव्हा मात्र म्हणालो, "गाडीचा विमा आहे की!"

एजंट हसले. गाडीचा विमा भारतापुरता. नेपाळसाठी जादा हप्ता भरून त्याचं क्षेत्र वाढवून घ्यावं लागतं. तरीही मी आजारी पडलो तर इस्पितळाचं बिल त्यात येत नाही. त्यासाठी प्रवासविमा वेगळा. त्याच्याही अटी बारीक अक्षरांत : काही पॉलिसींत दुचाकी चालवणंच वगळलेलं, काहींत उंचीची मर्यादा. मुक्तिनाथ तर साडेतीन हजार मीटरहून उंच. तिथून हेलिकॉप्टरने खाली आणायची वेळ आली तर?

तरी मी चालढकल करत होतो. बायको एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही पडाल आणि मोकळे व्हाल. पैशांसाठी दारोदार मीच फिरायचं ना?"

दुसऱ्याच दिवशी विमा काढला. दुचाकी आणि हेलिकॉप्टर दोन्ही त्यात असल्याचं लेखी घेऊन. एक प्रत माझ्या सामानात ठेवली, दुसरी तिच्या हातात दिली. मगच गाडीला किक मारली.