पावसात एकटी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी मला ‘प्रवासाचे चार शब्द’ सांगायला उभे केले आहे. काशी-रामेश्वराचे वर्णन मिळेल अशी तुमची अपेक्षा असेल, तर आधीच क्षमा मागते. मी पाहिला तो एक धबधबा, दोन पुस्तकांची दुकाने आणि एक कॉफीगृह. तेही भर पावसात आणि एकटीने.

जोगचा धबधबा पाहायचा हे आमच्या घरी लग्नाच्या पहिल्या वर्षी ठरले होते. दर आषाढात हे म्हणत, “पाऊस जरा ओसरू दे, मग जाऊ.” पाऊस ओसरला की मुलांच्या शाळा, मग दिवाळी, मग कुणाचे तरी लग्न. अशी अडतीस वर्षे गेली. चार वर्षांपूर्वी हेही गेले. त्यानंतर मी दारचा बसथांबासुद्धा कुणी सोबत असल्याशिवाय ओलांडत नव्हते. सगळे म्हणत, “हवे ते सांगा, आम्ही आणून देतो.” माया होती हो ती! पण आणून देता येत नाही असेही काही असते, हे कुणाला कसे सांगायचे?

२०२४ च्या जुलैअखेरीस मी मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसचे तिकीट काढले आणि मग घरी सांगितले. सूनबाईंचा पहिला प्रश्न, “कुणाबरोबर?” शेजारच्या काकूंचा प्रश्नही तोच. मी म्हटले, “छत्रीबरोबर.”

बंगळूरला उतरले तेव्हा आपल्याकडच्यासारखा धो धो नव्हे, पण चिवट असा पाऊस लागून राहिला होता. चर्च स्ट्रीटवर ‘ब्लॉसम’ नावाचे पुस्तकांचे दुकान आहे. जुनी-नवी पुस्तके अगदी छतापर्यंत रचलेली. जवळच्याच एका गल्लीत ‘सिलेक्ट’ आहे, ते १९४५ पासूनचे. भिजलेली छत्री कोपऱ्यात ठेवून मी दोन्हीकडे मिळून साडेतीन तास काढले. “झाले का तुझे?” असे विचारणारे कुणी नव्हते. पहिला अर्धा तास मला ते चुकल्यासारखे वाटले, आणि पुढचे तीन तास कसे गेले ते कळले नाही. आर. के. नारायण यांच्या ‘मालगुडी डेज’ची जुनी प्रत घेऊन बाहेर पडले.

खरी परीक्षा पुढेच होती. त्याच रस्त्यावर इंडियन कॉफी हाऊस आहे. सरकारी कॉफी मंडळाने आपली कॉफीगृहे बंद करायला काढली, तेव्हा नोकरी गेलेल्या कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवायला घेतली. अशी पहिली संस्था १९५७ साली बंगळूरलाच स्थापन झाली. हा इतिहास मला ठाऊक होता. पण बासष्ट वर्षांच्या आयुष्यात मी हॉटेलात एकटी कधीच बसले नव्हते! दारापर्यंत जाऊन दोनदा परतले. तिसऱ्यांदा पाऊसच इतका वाढला की आत जावे लागले. तुरेवाला फेटा बांधलेल्या वाढप्याने विचारले, “किती जण?” मी एक बोट वर केले. त्याने मला खिडकीजवळचे टेबल दिले आणि तो कॉफी आणायला गेला. बस, एवढेच! ज्याला मी चाळीस वर्षे भ्याले ते एवढेच होते. बाबा बुदन नावाच्या सत्पुरुषाने अरबस्तानातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात कॉफी लावली, अशी कथा सांगतात. त्या घोटाबरोबर मी त्यांनाही मनोमन नमस्कार केला.

रात्रीच्या गाडीने तालगुप्प्याला निघाले. पहाटे शिमोग्याच्या पुढे अरसाळू नावाचे छोटे स्टेशन लागते. शंकर नाग यांच्या दूरदर्शन मालिकेत मालगुडीचे स्टेशन म्हणून दाखवले ते हेच. मांडीवर पुस्तक आणि खिडकीत पावसात भिजणारे ते स्टेशन! मालगुडी नकाशात नाही म्हणतात. मी तर पाहून आले.

सगळेच गोड झाले असे मात्र नाही. एका लॉजवर मला सांगण्यात आले, “एकट्या बाईमाणसाला खोली देत नाही.” पांढऱ्या केसांची बाई, हातात ओली पिशवी, आणि मी जणू गुन्हाच केला होता! डोळ्यांत पाणी आले. पण रडायला खोली तरी हवी ना! पुढच्या लॉजवर ती मिळाली.

जोगला शरावती नदी ८३० फूट खाली कोसळते. राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट अशा तिच्या चार धारा आहेत. १९६४ मध्ये वर लिंगनमक्की धरण झाले. नदीचे पाणी विजेसाठी जाते, म्हणून उन्हाळ्यात कड्यावरून जेमतेम दोऱ्या लोंबाव्यात तशा धारा राहतात. म्हणजे पाऊस ओसरल्यावर जायचे ठिकाणच नव्हे ते! हे गणित आमच्या घरी कुणाला सुटले नव्हते.

मी पोचले तेव्हा मात्र धुके. समोर नुसता पांढरा पडदा आणि त्यामागून घनगंभीर आवाज. दीड तास उभी होते. कणसे भाजणाऱ्या एका बाईने विचारले, “ओब्बरे बंदिद्दीरा?” एकट्याच आलात का? मी नुकतेच शिकलेले कानडी वापरले, “हौदु, ओब्बळे.” हो, एकटीच. तिने काही न बोलता मला आपल्या ताडपत्रीखाली घेतले.

आणि एकदम धुके फाटले. चारही धारा एकमेकींत मिसळू पाहत होत्या. मी भान विसरून म्हटले, “अहो, बघा ना!” म्हटल्यावर ध्यानात आले, शेजारी कणीसवाली होती. तिला मराठी येत नव्हते. पण तिनेही मान हलवून बघितले. पाच मिनिटांत पडदा पुन्हा मिटला.

मैत्रिणींनो, मी तुम्हाला घरदार सोडून हिंडा असे सांगायला उभी नाही. सोबतीचे सुख मी अडतीस वर्षे घेतले आहे आणि त्याची सर दुसऱ्या कशाला नाही. पण सोबत मिळाली तरच पाऊल उचलायचे, ही अट आपणच आपल्याला घातलेली असते. निघताना घरी गाडीचे नाव-नंबर सांगा, खोली आधी फोन करून ठरवा आणि ‘एकटीच येणार’ हेही त्यांना स्पष्ट सांगून ठेवा, पिशवीत कोरडी साडी ठेवा. आणि जोग फार लांब वाटत असेल, तर आपल्या गावच्या हॉटेलात एकटीने एक कप कॉफी पिऊन या. पहिला घाट तोच आहे. पुढचा रस्ता सोपा आहे.

पाऊस ओसरायची वाट मात्र पाहू नका.