माणसाचा दोर, ओझ्याचा दोर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वळवाचा पाऊस तोंडावर आला की आपल्या जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासून ज्याचे नाव अहिल्यानगर झाले त्या आपल्या नगर जिल्ह्यात, झाडांच्या फांद्या उतरवण्याची एकच घाई सुरू होते. कुठे चिंचेची फांदी घराच्या पत्र्यावर आलेली असते, कुठे कडुनिंब विजेच्या तारांना टेकलेला असतो, कुठे शाळेच्या आवारातला गुलमोहोर एका बाजूला झुकलेला असतो. मग गावातल्या एखाद्या धाडसी माणसाला बोलावणे जाते. तो येतो, कमरेला दोर बांधतो आणि चढतो. खाली उभे असलेले लोक कुऱ्हाडीची धार पाहतात, आता तर चेनसॉ कोणत्या कंपनीचा तेही विचारतात. दोराकडे मात्र कोणीच पाहत नाही. मी हेच काम करतो, म्हणून आज दोराविषयीच बोलणार आहे.

दोराची पारख आपल्याला नवी नाही. विहिरीवर मोट चालायची तेव्हा तिला दोन दोर असत. मोटेच्या तोंडाला जाड नाडा आणि सोंडेला बांधलेल्या बारीक दोराला म्हणायचे सोल. भरलेल्या मोटेचे सगळे ओझे नाड्यावर. सोलाचे काम सोंड सांभाळायचे, म्हणजे पाणी नेमके थारोळ्यात पडे. नाड्याच्या जागी सोल लावावा असे कोणाही शेतकऱ्याच्या मनात आले नसते. बैलाचा कासरा वेगळा, गाईचे दावे वेगळे, बाजेचा सुंभ वेगळा. मातंग समाजातल्या कारागिरांनी अंबाडीचा आणि घायपाताचा वाख वळून पिढ्यान्‌पिढ्या हे दोर गावाला पुरवले. प्रत्येक कामाला वेगळा दोर, हे शहाणपण आपल्या घरातच होते. प्लॅस्टिकचा दोर आला आणि ते मागे पडले.

आज काष्टीच्या किंवा घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात पाहा. निळे, पिवळे, हिरवे दोर वजनावर मिळतात. हे बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे. जनावर बांधायला, कडब्याची गाडी आवळायला ते ठीक आहेत. स्वस्त, हलके, पाण्याने न कुजणारे. पण याच दोरावर माणूस झाडाला लोंबकळतो, तिथे मात्र धोका सुरू होतो. पॉलिप्रॉपिलीनला ऊन सोसत नाही. आपल्याकडचे उन्हाळे पाहिलेला दोर हाताने चोळला तर त्याची भुकटी पडते, ते याच कारणाने. शिवाय तो उष्णतेने लवकर वितळतो. साधारण १६५ अंश सेल्सिअसला तो पातळ होतो. एवढी उष्णता कुठून येणार, असे वाटेल. जड फांदी सोडताना दोर बेचक्यातून झरझर सरकतो, तेव्हा घासण्यानेच ती निर्माण होते. पॉलिस्टरला वितळायला अडीचशे अंशांच्या पुढे जावे लागते. म्हणून झाडाच्या कामात पॉलिस्टरला मान आहे.

मग माणसाने कोणत्या दोरावर चढावे? ज्याला आत गाभा आणि बाहेर विणलेली खोळ आहे अशा दोरावर. भार गाभा पेलतो आणि सालीचा खरखरीतपणा खोळ सोसते. झाडासाठी खास बनवलेल्या काही दोरांत जाड खोळच बराचसा भार घेते. जाडी ११ ते १३ मिलिमीटर. याहून बारीक दोर भार पेलेलही, पण दिवसभर हातात नीट धरता येत नाही आणि सरकगाठ त्यावर हवी तशी आवळत नाही.

इथे एक गफलत नेहमी होते. आपल्याच अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आहे. तिथे गिर्यारोहक येतात, त्यांचे रंगीत दोर लोक पाहतात आणि म्हणतात, ‘असाच दोर झाडाला आणा.’ पण गिर्यारोहकांकडेही दोन जातींचे दोर असतात. एक ताणणारा. कडा चढताना हात सुटला तर हा दोर लांबतो आणि पडण्याचा झटका स्वतः पितो. दुसरा कमी ताणणारा, उतरण्यासाठी. झाडावरचा माणूस पूर्ण वेळ दोरावर भार टाकून काम करतो. ताणणारा दोर असेल तर तो रबरासारखा वरखाली होत राहील. हातात चालू करवत असताना हे चालणार नाही. म्हणून झाडावर कमी ताणणारा दोर हवा. युरोपातल्या मानकाप्रमाणे अशा दोराचा भार पन्नास किलोवरून दीडशेवर नेला तर तो पाच टक्क्यांपेक्षा जास्त लांबता कामा नये. म्हणजे वीस मीटर दोर जास्तीत जास्त एक मीटर. मात्र त्याची दुसरी बाजू ध्यानात ठेवायला हवी. हा दोर झटका पीत नाही, तो झटका आपल्या कमरेला देतो. म्हणून दोर वरच्या भक्कम खोडाला अडकवायचा, कायम ताणलेला ठेवायचा आणि त्या जागेच्या वर कधी चढायचे नाही.

आता ताकद किती असावी? अमेरिकेतल्या वृक्षकामाच्या नियमांत चढण्याच्या नव्या दोराची तुटण्याची मर्यादा किमान ५,४०० पौंड, म्हणजे सुमारे २,४५० किलो सांगितली आहे. ऐंशी किलोच्या माणसाला एवढी कशाला, असा प्रश्न पडेल. तर गाठ मारली की दोराची बरीच ताकद तिथेच जाते, कधी कधी एक-तृतीयांश किंवा जास्त. नायलॉन भिजला की आणखी थोडी जाते. जुना झाला, घासला, की आणखी. वर अचानक बसणारा झटका. हे सगळे वजा जाता माणूस वाचला पाहिजे. म्हणून दोराच्या छापील ताकदीचा दहावा हिस्साच आपला समजायचा.

ओझ्याचा दोर म्हणजे तोडलेली फांदी सावकाश खाली सोडण्याचा दोर. त्याचा हिशेब निराळा. ओले लाकूड किती जड असते याचा अंदाज आपण नेहमी कमी धरतो. एक फूट व्यासाचा, तीन फूट लांबीचा ओला ओंडका साधारण साठ किलो भरतो. तो वर बांधलेल्या कप्पीवरून सोडला तर दोराच्या एका बाजूला ओंडका आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच जोर लावणारा खालचा माणूस. म्हणजे कप्पीवर आणि ती जिथे बांधली त्या खोडावर जवळजवळ दुप्पट भार. हाच ओंडका आधी हातभर खाली पडून मग दोराला झोंबला तर भार कित्येक पट होतो. म्हणून खालच्या माणसाने दोर एकदम रोखायचा नसतो. खोडाला दोन-तीन वेढे देऊन दोर थोडा पळू द्यायचा आणि हळूहळू थांबवायचा. या कामाला जाडजूड, घासणे सोसणारा पॉलिस्टरचा दोर लागतो, गोफासारखा विणलेला किंवा तीन पेडांचा.

आणि आता आजचे सर्वांत महत्त्वाचे. ज्या दोराने एकदा ओझे उतरवले, त्या दोरावर माणसाने पुन्हा कधीही चढू नये. झटक्यांनी गाभ्याचे आतले धागे तुटलेले असतात. खोळ मात्र नव्यासारखी दिसते. तसेच चढण्याच्या दोराने ट्रॅक्टर ओढू नये, ओंडका बांधू नये. आम्ही दोन्ही दोरांचे रंग वेगळे ठेवतो, पिशव्याही वेगळ्या ठेवतो. घाईच्या वेळी जो हाताला लागेल तो दोर उचलला जातो, म्हणून ही खबरदारी.

दोराची निगा सोपी आहे. काम झाले की सावलीत, कोरड्या पिशवीत ठेवावा. ट्रॅक्टरच्या बॅटरीजवळ कधीही नाही, कारण तिच्यातले आम्ल नायलॉनचा वैरी आहे. चढण्याआधी सगळा दोर वीत-वीत हातातून काढावा. कुठे मऊ पडला आहे का, कुठे कडक गाठ लागते का, घासून काचेसारखी चकाकी आली आहे का, खोळीतून पांढरा गाभा डोकावतो का? यातले एकही दिसले तर त्या दोराची चढाई संपली. आपल्याकडे काही फेकायची सवय नाही, ते चांगलेच आहे. तो दोर दाव्याला वापरा. पण आधी त्याचे हात-दोन हातांचे तुकडे करा, म्हणजे उद्या कोणी तो उचलून झाडावर जाणार नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळे झाडावर चढणाऱ्याने पाहावे, आम्हाला कशाला? पण चढणारा बहुधा रोजंदारीवर असतो. चांगल्या दोराची किंमत त्याच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी असते. तुम्ही सर्वांत कमी पैसे सांगणाऱ्याला काम देता, तेव्हा काटकसर पहिल्यांदा दोरातच होते. म्हणून फांदी तोडायला कोणी आले तर एवढे विचारा. चढण्याचा दोर आणि ओझ्याचा दोर वेगळे आहेत का? करवत चालवताना कमरेला दुसरा आखूड दोर बांधणार का? कारण करवतीचे पाते एका दोराला लागले तर दुसरा तारतो. जवळ विजेची तार असेल तर महावितरणला कळवून वीजपुरवठा बंद करून घेतला का? ओला दोर वीज वाहून नेतो. आणि शहरात राहत असाल तर झाड तोडण्याआधी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हेही विसरू नका.

यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, तर त्या दिवशी काम थांबवा. फांदी आणखी आठ दिवस तशीच राहिली तरी चालेल. तिच्या खाली गाडी लावू नका, मुलांना खेळू देऊ नका, आणि चांगला दोर घेऊन येणाऱ्या माणसाला त्याच्या कामाचे पुरे पैसे द्या.