मातीही मुद्देमाल असते



 तपासाच्या कामातल्या आपल्या मंडळींचे हे संमेलन ज्या कुंभकोणमला भरले आहे, तो मुलूख तंजावरच्या भोसल्यांमुळे आपल्याला परका नाही. पण मला इथे यावेसे वाटले ते मूर्तिचोरीच्या खटल्यांमुळे. न्यूयॉर्कचा कलाव्यापारी सुभाष कपूर याला नोव्हेंबर २०२२ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली ती याच शहरातल्या न्यायालयात. घटनास्थळाची नोंद कशी असावी आणि ती नसली तर काय होते, हे शिकायला यासारखे दुसरे गाव नाही.

जवळच शिवपुरम आहे. तिथे १९५१ मध्ये जमिनीत चोळकालीन नटराज सापडला. दुरुस्तीला गेला आणि देवळात परत आली ती नक्कल. ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात देवळातली मूर्ती खरी नसल्याचे लिहिले. तोवर लोक तिच्यापुढेच हात जोडत होते. मूळ मूर्ती १९७३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्टन सायमन यांच्याकडे गेली आणि १९८६ मध्ये भारतात आली. वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाताना वजन, उंची आणि अंगावरच्या जुन्या खुणा लिहायच्या, परत घेताना त्याच कागदाशी ताडायच्या, एवढी साधी रीत पाळली असती, तर नक्कल गाभाऱ्यात शिरली नसती. मुद्देमालाच्या हस्तांतराची नोंद ही कारकुनी नव्हे. खटल्याचा कणाच ती आहे.

याच भागातल्या पत्तूरच्या नटराजाची गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. १९७६ मध्ये पडक्या देवळाच्या आवारात तो सापडला, गुपचूप विकला गेला आणि लंडनला पोहोचला. तिथल्या न्यायालयात खुद्द ते देऊळ वादी म्हणून उभे राहिले. प्रश्न एकच होता : ही मूर्ती पत्तूरचीच कशावरून? त्याच जागी सापडलेल्या इतर मूर्तींशी तुलना करताना तज्ज्ञांनी धातू तर पाहिलाच, पण चिकटलेली माती आणि वाळवीच्या खुणाही तपासल्या. निकाल देवळाच्या बाजूने लागला आणि १९९१ मध्ये नटराज मायदेशी आला. सापडलेली वस्तू लखलखीत करून ठाण्यात मांडायची ज्यांना हौस असते, त्यांनी हा खटला जरूर अभ्यासावा. वस्तू पुसू नका, धुऊ नका. आहे तशी गुंडाळा, लेबल लावा, मोहोर उमटवा, पंचांच्या सह्या घ्या.

देवळातले घटनास्थळ फार अवघड असते. चोरी कळताच गाव लोटते, गाभारा धुऊन शुद्धी करायची घाई होते आणि पावलांचे, हातांचे ठसे पाण्याबरोबर जातात. म्हणून सर्वांत आधी पोहोचणाऱ्या शिपायाचे पहिले काम दोरी बांधणे आणि आत कोण गेले, बाहेर कोण आले हे वेळेसह लिहिणे. पुजाऱ्यांशी आदराने बोला, शुद्धी काही तास थांबवा. समजावून सांगितले तर लोक ऐकतात. मग छायाचित्रे : आधी सगळा परिसर, मग दार आणि कडीकोयंडा, मग मोजपट्टी ठेवून जवळून. पंचनाम्यात चतुःसीमा लिहितोच, पण प्रत्येक वस्तूचे अंतर न हलणाऱ्या दोन ठिकाणांपासून मोजले, तरच ती जागा पुन्हा उभी करता येते.

पण चोरीच उशिरा कळली तर? तमिळनाडूतल्याच श्रीपुरंतनच्या देवळातल्या मूर्ती २००६ मध्ये गेल्या आणि चोरी उघडकीला आली २००८ मध्ये. दोन वर्षांनी घटनास्थळ काय बोलणार? तिथला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने सुमारे पन्नास लाख अमेरिकी डॉलरला घेतला होता. त्याची ओळख पटली ती पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने चोरीपूर्वी, अभ्यासासाठी घेतलेल्या छायाचित्रांवरून. २०१४ मध्ये मूर्ती परत मिळाली.

आपल्याकडे कोकणात दिवेआगरचा सुवर्णगणेश २०१२ मध्ये चोरांनी पळवला, दोन पहारेकऱ्यांचा जीव घेतला आणि मूर्ती वितळवली. सोने हाती आले, पण त्यावर कुठली खूण उरणार? तिथे सारा भार घटनास्थळाच्या आणि जप्तीच्या नोंदींवर येतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनी पूजास्थानातील मूर्तीच्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली आहे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आणि चित्रीकरण करणे आवश्यक झाले आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. ही मुदत संपण्याची वाट पाहू नका. आणि आणखी एक मागणे : आपापल्या हद्दीतल्या लहान देवळांत जा, विश्वस्तांना बरोबर घ्या, प्रत्येक मूर्तीची चारही बाजूंनी मोजपट्टीसह छायाचित्रे काढा, वजन आणि खुणा लिहा, एक प्रत ठाण्यात ठेवा. हे काम या पावसाळ्याआधी सुरू करा.