चातुर्मासातील उपवास आणि जठराग्नी

आषाढ लागला की खोताच्या वाडीतील लाकडी जिन्यांना ओल धरते आणि घराघरांत उपवासांची यादी निघते. याच ऋतूत जठराग्नी मंदावतो, असे वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’ सांगते. जुने धान्य आणि कढण सुचवते. प्रत्यक्षात मात्र एकादशी अन् दुप्पट खाशी! तुपात परतलेला साबुदाणा, त्यात दाण्याचे कूट, बटाटा. साबुदाण्याचा हा कंदही मूळचा दक्षिण अमेरिकेतला, म्हणजे वाग्भटाला अपरिचितच. त्यापेक्षा वरीचा भात, आले-सैंधव घातलेले ताजे ताक बरे. ‘हठयोगप्रदीपिके’तील मिताहारात पोटाचा चौथा भाग रिकामाच असतो. घरातील मधुमेही आजोबांनी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून उपवास धरू नये. गोळी घेऊन उपाशी राहिल्यास साखर एकदम उतरते.