खुडूक कोंबडी आणि अवचित आलेली पिल्ले

परसातील कोंबडी एके दिवशी खुराड्यातून बाहेर येईनाशी होते. जवळ गेल्यास पिसे फुलविते, हात लावल्यास चोच मारते आणि अंडी देण्याचे थांबविते. ती खुडूक झाली, असे आपण म्हणतो. हा रोग नव्हे आणि हट्टही नव्हे. शरीरात प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढले, म्हणजे अंडी घालण्याची प्रेरणा मावळते आणि ती उबविण्याची जागी होते.

हैदराबादेत राजेंद्रनगर येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची कुक्कुट संशोधन संस्था १९८८ पासून कार्य करीत आहे. परसातील पालनासाठी तिने वनराजा व ग्रामप्रिया हे सुधारित पक्षी सिद्ध केले. हे पक्षी सहसा खुडूक होत नाहीत. म्हणून अंडी अधिक मिळतात. परंतु त्यांची पिल्ले उबवणी यंत्रातूनच आणावी लागतात. देशी कोंबडी अंडी थोडी देते. पण वीज व यंत्र यांवाचून ती पिल्ले वाढविते. तेव्हा खुडूकपण हा दोष की गुण, हे घराच्या गरजेवरून ठरवावयाचे असते. मात्र तो निर्णय पहिल्या दोन दिवसांतच झाला पाहिजे.

पिल्ले नको असतील, तर अंडी रोज उचलावी. कोंबडीस जाळीच्या तळाच्या, जमिनीपासून उंच व हवेशीर पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवावे. दाणापाणी मात्र पुरेपूर द्यावे. पोटाखाली ऊब साठली नाही, की ओढ ओसरते. तिला पाण्यात बुडविणे किंवा नाकपुडीत पीस खोवणे हे निव्वळ क्रौर्य होय.

पिल्ले हवी असतील, तर आठवड्याच्या आतली दहा-बारा फलित अंडी एकाच दिवशी रवणीला ठेवावी व त्यांवर पेन्सिलीने खूण करावी. खुणेवाचून दिसेल ते अंडे नंतर कोणी घातलेले असते. ते रोज काढावे. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर पडली, की आई त्यांच्यामागे निघते आणि मागाहून घातलेली अंडी अर्ध्यावरच थंडावतात. अशा वेळी घराची अंडीही जातात आणि जीवही.

कधी हरवलेली कोंबडी मुंगसाने नेली असे समजून घरची माणसे तिला विसरतात, आणि तीन आठवड्यांनी ती सरपणाच्या ढिगामागून पिल्ले घेऊन प्रकटते. त्या वेळी पिल्ले धरावयास धावू नये. संध्याकाळी अंधार पडल्यावर आईसह सर्वांना डालग्याखाली घ्यावे. पोटातील बलकावर पिल्लू दोन दिवस तग धरते. पण पाणी लगेच हवे, तेही उथळ ताटलीत खडे टाकून, म्हणजे पिल्लू बुडणार नाही. बारीक कणी किंवा पिल्लांचे खाद्य द्यावे. अंड्यावरील कोंबड्यांच्या खाद्यात चुना फार असतो. तो कोवळ्या मूत्रपिंडांस बाधतो. मानमोडीची पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी टोचून नव्हे, तर डोळ्यात वा नाकात थेंबाने देतात. जनावरांच्या दवाखान्यात चौकशी त्याआधीच करावी.

न मागता आलेल्या या पिल्लांपैकी निम्मे नर निघणार, हेही ध्यानात असावे. ते कोणाला द्यावयाचे, किती ठेवावयाचे, हे पिसे फुटण्यापूर्वीच घरात ठरलेले बरे. कोंबडीने आपले काम एकवीस दिवसांत पुरे केलेले असते; उरलेले माणसांचे असते.